फितुराचा दगड

मी दगड बोलतोय. दगड कुठे बोलतो का, असं म्हणणार असाल तर पुढे वाचू नका. माझं काही अडलेलं नाही. डोक्यात काही नसताना तासभर माइक न सोडणारी माणसं मी या अंगणात पाहिली आहेत, आणि तुम्ही त्यांना शाल घालता. मी एकदा बोललो तर काय बिघडलं?

पनवेलच्या बाजूला, सुकापूरच्या पलीकडे एक सरकारी शाळा आहे. तिच्या अंगणात चिंचेखाली मी पडून असतो. गोल आहे, जाड आहे, मधोमध आरपार भोक आहे. अंगावर गाडीच्या चाकाएवढं एक काळं कडं आहे. शाळेत राहतो, पण अक्षर येत नाही. मास्तर एखाद्या पोराला "नुसता दगड आहेस" म्हणतात तेव्हा मला वाटतं, बाबा रे, दगड कोणाला कधी असं घालूनपाडून बोललाय का? उगाच माझं नाव का घेता?

जन्म कर्नाळ्याच्या पायथ्याचा. पायथ्याचा म्हणतो, नीट ऐका. गडावरचा नाही. गड मी खालूनच बघितला, तोही वडारांनी मला फोडून बाहेर काढला त्या दिवशी. त्यांनी छिन्नीने मला गोल केला, पोटाला भोक पाडलं आणि बैलगाडीत घालून पनवेलला आणलं. तेव्हा पनवेलच्या गाडीच्या चाकांना लांबलांबून मागणी होती. बुधाजी मेस्त्रीचा चाकं करायचा कारखाना होता, कारखाना म्हणजे काय, कौलारू छप्पर आणि मोठं अंगण. त्या अंगणात मला जमिनीत अर्धा गाडला.

माझं काम काय, ते सांगतो. लाकडाच्या चाकावर लोखंडाचा पट्टा चढवतात, त्याला धाव म्हणतात. धाव भट्टीत लाल करायची. चाक माझ्यावर आडवं टाकायचं, त्याचा मधला गड्डा माझ्या भोकात बसवायचा. मग चार जणांनी सांडशीत लालबुंद धाव धरून आणायची, चाकावर ठोकून बसवायची आणि वरून पाणी ओतायचं. चर्र करून वाफ उठायची, लोखंड आवळायचं, लाकूड करकरायचं. खाली मी भाजून निघायचो. माझ्या अंगावरचं काळं कडं आहे ना, ते त्याचं. दुसरं तिसरं काही नाही.

भट्टीला कोळसा लागायचा. तो रानातून यायचा, शुक्रा नावाचा कातकरी पोती घेऊन यायचा. रानात लाकूड पेटवून, मातीने झाकून कोळसा पाडायचा, ते काम त्याच लोकांचं. बुधाजी मेस्त्री माणूस वाईट नव्हता. पण शुक्राला पाणी द्यायचा ते वरून, ओंजळीत. पोतं छपराखाली, शुक्रा उन्हात. कधी दमून तो माझ्यावर टेकायचा, की मेस्त्री आतून ओरडायचा, "शुक्रा, तिथं नको रे, काम काढायचंय." काम काही काढायचं नसायचं. मला मात्र शुक्राचं काही जड नव्हतं. त्याच्या अंगाला धुराचा वास यायचा, माझ्याही अंगाला तोच होता.

पुढे रबरी टायर आले. बैल गेले, टेम्पो आले. मेस्त्री म्हातारा झाला, गेला. पोरांना चाकांत रस नव्हता, त्यांनी जागा बिल्डरला दिली. एका सकाळी जेसीबीने मला दाताखाली धरून उपटलं. इतकी वर्षं लोखंड सोसलं, पण असा अपमान कोणी केला नव्हता. मातीबरोबर डंपरमध्ये टाकला आणि भर म्हणून या शाळेच्या अंगणात आणून ओतला. तेव्हाचे मास्तर म्हणाले, "राहू द्या तो, पोरं बसतील." म्हणून वाचलो.

पोरं बसली. माझ्या भोकात त्यांनी काय काय कोंबलं ते विचारू नका. वेफर्सच्या पुड्या, पेन्सिलीची साल, एकदा तर नापासाचा पेपर. वर खिचडीची पातेली उपडी घालून वाळवतात. पण पोरांचा राग नाही मला. मोठ्यांचा आहे. तोच सांगायला बसलोय.

या शाळेत वाडीवरची पोरं येतात, इमारतींच्या कामावरची येतात, थोडी पनवेलमधून येतात. वाडीवरची जिजा सातवीत आहे. कातकऱ्यांची. तिचे आईबाप दर वर्षी दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, पाऊस लागायला परत येतात. पोरं बरोबर जातात. म्हणजे शाळा अर्धी इकडे, अर्धी मातीत. जिजाची सातवी या वर्षी एका जागेवर पुरी व्हायची होती. तिची आई दिपा नवऱ्याशी भांडली, मुकादमाशी भांडली आणि ठरवून टाकलं की पोरगी आजीजवळ वाडीवर राहील, शाळा सोडणार नाही. हे सगळं मला ठाऊक, कारण जिजा मधल्या सुट्टीत माझ्यावर बसून तिची मैत्रीण नशरा हिला रोज सांगायची. सातवी झाली तर हायस्कूल. नाहीतर भट्टी, आणि मग लग्न. मधलं काही नाही. एवढं दगडालाही समजतं.

दिवाळीची सुट्टी संपली आणि शाळेत लेखक येणार म्हणून धावपळ सुरू झाली. मुख्याध्यापक कमलाकर सर. माणूस कामसू आहे, पण कोणी मोठा माणूस दिसला की यांच्या पाठीचा कणा वितळतो. अंगण झाडून घेतलं. कोणाकडून? वाडीवरच्या पोरांकडून. रांगोळी काढली, पोरांना उन्हात बसवलं. लेखक यायला उशीर झाला. पोरं तापली.

लेखकाचं नाव अवधूतराव. ऐतिहासिक कादंबऱ्या लिहितात. शाळाशाळांत जाऊन मुलांना वाचनाची गोडी लावतात, असं कमलाकर सरांनी सांगितलं. मोटारीतून उतरताना डोकं मोकळं होतं, फाटकाशी ड्रायव्हरने पिशवीतून तयार फेटा काढून दिला, तो घालून आत आले.

खोटं कशाला सांगू, बोलायला माणूस झकास. आवाज चढवायचा, पाडायचा, मधेच गप्प व्हायचा. चुळबुळणारी पोरं गार झाली. आणि मग बोलता बोलता त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. एकदम थांबले. चप्पल काढली. माझ्यापाशी येऊन वाकले आणि माझी माती कपाळाला लावली.

"मुलांनो," म्हणाले, "तुम्ही रोज कशावर बसता, ठाऊक आहे का तुम्हाला?"

मला ठाऊक होतं. पण मला कोणी विचारत नाही.

"हा कर्नाळ्यावरचा दगड! या भोकात खांब रोवायचे. या काळ्या कड्याकडे बघा, तोफेच्या दारूने भाजलेलं! याच दगडावर फितुराची मान ठेवली होती!"

पोरांच्या तोंडून आवाज निघाला. माझ्या तोंडून शिवी निघाली, ती कोणाला ऐकू गेली नाही. अहो, तो धावेचा डाग आहे, चाकाच्या धावेचा!

मग म्हणाले, आपण ही गोष्ट करून बघू. आर्यन म्हणून एक गोरा, उंच मुलगा पहिल्या रांगेत होता, त्याला किल्लेदार केलं. नंतर नशराला उभं केलं.

"नाव काय तुझं?"

"नशरा."

"नशरा... बरं. तू शत्रूचा सरदार."

"सर, हर वेळी मीच का?" नशरा म्हणाली. "गॅदरिंगला पण मलाच दुश्मन करतात."

पोरं हसली. अवधूतराव पण हसले. "अगं, सरदार आहेस! साधा शिपाई नाही." आणि मग जिजाकडे बोट केलं. "तू? वाडीवरची का? कातकरी ना? वा! रानातल्या वाटा तुमच्याइतक्या कोणाला माहीत? तू फितूर. शत्रूला चोरवाट दाखवणारा."

जिजाला काय झालं असेल, सांगा? ती खूश झाली. तिला आजवर कशाला उभं केलं होतं? झाडायला, पाणी आणायला. ती ताडकन उठली. काय काम केलं पोरीने! वाकून चालली, इकडेतिकडे बघितलं, नशराच्या कानात कुजबुजली, पदरात घेतल्यासारखं इनाम घेतलं. शेवटी गुडघ्यावर येऊन माझ्यावर डोकं ठेवलं. तिचा गाल माझ्या काळ्या कड्याला लागला होता. धापा टाकत होती आणि आतल्या आत हसत होती. आर्यनने लाकडी पट्टी उचलून तिच्या मानेवर आणली. टाळ्या. अशा टाळ्या की चिंचेवरचे कावळे उडाले.

अवधूतरावांनी तिची पाठ थोपटली, आपल्या कादंबरीचं एक पुस्तक तिला बक्षीस दिलं. बाकीच्यांना विकत दिली. मग आत चहाला गेले.

त्यांचा ड्रायव्हर खिचडीची ताटली घेऊन माझ्यावर येऊन बसला. खिचडी करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "तुमच्या साहेबांना आमच्या गावचं एवढं कसं काय माहीत हो?"

"साहेबांना सगळीकडचं माहीत असतं," तो घास चावत म्हणाला. "कालच्या शाळेत विहीर होती. परवाच्या शाळेत पिंपळ. दगड असला की बरं पडतं, पोरांना चढता येतं."

मावशी हसल्या. मी नाही हसलो.

दुसऱ्या दिवशी जिजा पुस्तक छातीशी धरून आली आणि माझ्यावर बसली. आर्यन म्हणाला, "ए फितूर, सरक."

तीही हसली. पहिल्या दिवशी हसली. मग कोणाचा तरी कंपास हरवला, तर एक जण म्हणाला, "फितुराने दाखवली असेल चोरवाट." पाण्याच्या नळाशी, "फितुराने शेवटी प्यायचं." खेळायला, "फितूर आमच्यात नको, डाव फोडेल." वाडीवरची बाकीची पोरं, तीसुद्धा तिच्यापासून लांब बसायला लागली, आपल्यावर येऊ नये म्हणून. ती एकाला चावली. तिलाच वर्गाबाहेर उभं केलं. आणि एका सकाळी ती उशिरा आली तर कमलाकर सर, हो, मुख्याध्यापक, फाटकात उभे राहून म्हणाले, "काय फितूर, आज चोरवाटेने आलीस वाटतं?"

सगळी शाळा हसली. पोरांच्या हसण्याचं काही नाही हो, ते उन्हासारखं असतं, येतं नि जातं. पण मास्तर हसला की शिक्का बसतो.

मधल्या सुट्टीत नशरा तिला समजावत होती. "मेरेको देख ना. पहिलीपासून दुश्मन आहे मी. तू एकदा झालीस तर इतकं रडायचं?"

"तू घरी गेली की दुश्मन नाय ना," जिजा म्हणाली. "आमच्या वाडीवर पन मना आता त्याच नावान बोलतान."

त्यानंतर जिजा शाळेत आली नाही.

मनिषाबाई तिच्या वर्गशिक्षिका. बारीकशा आहेत, आवाजही बारीक, पण चिवट. त्या वाडीवर जाऊन आल्या. परत आल्या तेव्हा चपलांवर धूळ तशीच, आणि कमलाकर सर माझ्याशेजारी उभे राहून पेंटरला काहीतरी सांगत होते.

"सर, जिजा भट्टीला जाते म्हणतेय. मुकादमाचा ट्रक येणार आहे या आठवड्यात."

"दर वर्षी जातातच की हो, बाई."

"या वर्षी जाणार नव्हती. तिची आई नको म्हणतेय, ही स्वतःच म्हणतेय. शाळेत तोंड दाखवणार नाही म्हणते."

"मुलांची मस्करी आहे. चार दिवसांत विसरतील."

"कसे विसरतील? तुम्ही बोर्ड करताय ना!"

हो, बोर्ड. तो सांगायचा राहिला. सरांच्या डोक्यात आलं होतं की शाळेचा पट कमी होतोय, पोरं इंग्रजीकडे जातात, तर आपल्याकडे एक ऐतिहासिक दगड आहे म्हटल्यावर नाव होईल. म्हणून मला तांबडा रंग द्यायचा आणि शेजारी बोर्ड लावायचा. त्यावर 'फितुराचा दगड' असं मोठ्या अक्षरांत, खाली गोष्ट, त्यात तो कातकरी वाटाड्या. उद्घाटनाला पुन्हा अवधूतराव.

म्हणजे पोरीला ज्या नावाने पळवून लावलं, ते नाव माझ्या उरावर कायमचं ठोकणार. आणि मला विचारायचं नाही. मी चाकं सोसली, जेसीबी सोसला. पण हे? माझ्या हातात असतं तर मी गडगडत गेलो असतो त्या बोर्डावर. पण हात नाहीत, पाय नाहीत, उतारही नाही.

मनिषाबाईंनी तिथूनच लेखकाला फोन लावला. स्पीकरवर टाकला, म्हणजे सरांनाही ऐकू जावं.

"मॅडम, ती कादंबरी आहे हो," तिकडून आवाज आला. "कल्पना. मी इतिहास सांगतो असं कुठे म्हटलं?"

"दगडाची माती कपाळाला लावलीत, सर."

"तो सादरीकरणाचा भाग झाला. मुलं पुस्तकाकडे वळतात त्याने."

"आमची एक मुलगी शाळा सोडून चालली आहे त्याने. तुम्ही येऊन एवढंच सांगा, गोष्ट मी रचली, असा फितूर कोणी नव्हता. बस."

"अहो, मुलांची मजा कशाला घालवायची? येतोच आहे ना उद्घाटनाला. करू काहीतरी छान."

काहीतरी छान! हे दोन शब्द ऐकले आणि मी समजलो, हा माणूस सुधारायचा नाही.

उद्घाटनाच्या सकाळी पेंटरने मला घाईघाईत रंगवला. तांबडा. रंग ओलाच होता, कमलाकर सर सगळ्यांना "हात लावू नका, हात लावू नका" करत फिरत होते. बोर्डावर फडका टाकलेला. फोटोवाला आलेला. अवधूतराव फेटा घालूनच उतरले.

आणि बोलायला लागले. "मुलांनो, गेल्या वेळी मी तुम्हाला गोष्ट अर्धीच सांगितली होती. खरं गुपित आज सांगतो. तो वाटाड्या फितूर नव्हताच! त्याने शत्रूला फसवण्यासाठी चुकीची वाट दाखवली! गडासाठी प्राण दिले! तो वीर होता!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय, फितूर असला तरी टाळ्या, वीर असला तरी टाळ्या. कमलाकर सरांचा चेहरा पडला, कारण बोर्डावर जुनीच गोष्ट होती.

तेवढ्यात फाटकातून दिपा आत आली, जिजाला हाताला धरून. बाहेर रस्त्यावर भट्टीचा ट्रक उभा होता. वर माणसं, पातेली, कोंबड्या, गोधड्या. ड्रायव्हर हॉर्न मारत होता. दिपाला मनिषाबाईंकडून पोरीचं शिक्षण हमीकार्ड न्यायचं होतं, म्हणजे भट्टीजवळच्या शाळेत दाखवता येतं. पोरीपुढे ती हरली होती. तोंडावरच दिसत होतं.

अवधूतरावांनी जिजाला ओळखलं. "अरे वा, आली बघा आपली नायिका! ये बाळ, ये. परत ठेव बरं डोकं दगडावर. या वेळी वीर म्हणून!"

जिजा जागची हलली नाही. दिपाने विचारलं, "कुनाचा डोका? कुठं ठेवायचा?"

"ताई, नाटक आहे, नाटक. तुमची मुलगी फार गुणी आहे. तिच्या समाजातल्या एका वीराची गोष्ट सांगतोय मी."

जिजाच बोलली मग. हळू बोलली, पण पोरं गप्प होती म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं. "सर, तवा तुमी फितूर बोलले. आता वीर बोलतान. तवा खोटा बोलले का आता?"

अवधूतराव हसले. "बाळ, गोष्टीत खरं-खोटं नसतं."

"मंग मना चिडवतान ता पन खोटा का?"

कमलाकर सर खाकरले. "हे बघा ताई, कार्यक्रम चालू आहे, तुम्ही ऑफिसात बसा. फितूर म्हणजे काही शिवी नाही, इतिहासात..."

"थांबा मास्तर." दिपाने पदर खोचला. "मी शिकलेली नाय, पन मना येक सांगा. फितूर कोन? जो आपला असून उलटतो तो, ना? मंग आमचा मानूस फितूर कसा व्हयल? आमाला कवा कोनी गडावर घेतला? आमच्या हातचा पानी तरी कोनी पिला? फितूर व्हायला आधी आपला म्हनावा लागतो! तुमी आमाला आपला कवा म्हनलाव?"

हॉर्न वाजत होता. मला शुक्रा आठवला. दिपा त्याच्या घरातली असेल, नसेल, मला काय ठाऊक. वाड्या पुष्कळ आहेत.

आणि तेव्हा त्या लेखकाने काय करावं? खिशातून मोबाइल काढला. "वा!" म्हणाला. "काय वाक्य आहे! फितूर व्हायला आधी... काय म्हणालात ताई? परत सांगा." आणि अंगठ्याने लिहायला लागला.

मी आयुष्यात पुष्कळ भाजलो आहे. पण असा चटका नव्हता बसला.

मनिषाबाई पुढे आल्या. तो बारीक आवाज आता बारीक नव्हता. "खोडा ते, सर."

"अं?"

"ते वाक्य तुमचं नाही. खोडा. आणि जे तुमचं आहे ते सांगा मुलांना. कोणी फितूर नव्हता, कोणी वीर नव्हता, दगड कुठला ते तुम्हाला माहीत नाही. सांगा."

अवधूतरावांचे कान माझ्यासारखेच तांबडे झाले. मोबाइल खिशात गेला, खोडलं की नाही देव जाणे. "मला पुढे दुसऱ्या शाळेत जायचंय," एवढं म्हणाले. मुलांना काहीच सांगितलं नाही. लढाया लिहिणारा माणूस, चार शब्दांना घाबरला.

"निदान फोटो तरी," कमलाकर सर म्हणाले आणि बोर्डाच्या फडक्याला हात घातला. "बाजूला व्हा जरा सगळे."

सगळे बाजूला झाले. जिजा नाही झाली. आईचा हात सोडवून ती सरळ आली आणि बोर्डाकडे पाठ करून माझ्यावर बसली. ओल्या रंगावर. भट्टीला जायला घातलेला तिचा चांगला फ्रॉक, पटकन तांबडा झाला.

"अगं ऊठ! रंग लागेल!" सर ओरडले.

"लागू दे."

"जिजा, चल," दिपा म्हणाली. "गाडी थांबली हाय."

"मी नाय येत."

"काल तर रडत होतीस येनार म्हनून!"

"काल येनार होते. मी गेले तं ह्ये बोर्ड लावतील." ती मांडी घालून बसली. "मी हितं हाय तवर कसा लावतान बघते."

दिपाचा हात उठला होता, मी बघितला. फ्रॉकसाठी उठला होता की कशासाठी, कोण जाणे. मग तो खाली आला. ती काही गोड बोलली नाही, डोळे पुसले नाहीत, तुमच्या गोष्टीतल्या आयांसारखं काही केलं नाही. "आजीला तरास दिलास तं पाऊस लागल्यावर येऊन तंगडी तोडीन," म्हणाली आणि ट्रकच्या मागच्या फळीवर चढली. ट्रक गेला. धूळ आमच्या अंगणात आली, ओल्या रंगावर बसली.

फोटोवाला म्हणाला, "सर, मुलगी मधे येतेय." कमलाकर सरांनी फडका धरला होता तो तसाच सोडून दिला. मनिषाबाई पोरीशेजारी उभ्या होत्या, नशरा दुसऱ्या बाजूला. लेखक चहा न घेता निघून गेले. बोर्ड आता खेळाच्या सतरंज्यांमागे, भिंतीकडे तोंड करून उभा आहे. सर म्हणतात, वर्ष संपलं की बघू. म्हणजे जिजा सातवी होऊन बाहेर पडली की बघू. माझा यांच्यावर काडीचा भरवसा नाही.

सगळं गोड झालं असं समजू नका. आर्यन अजून फितूर म्हणतो. ती आता म्हणते, "हाय मी फितूर. तुझ्या घरची चोरवाट दाखवू का?" मग तोच सरकतो. कमलाकर सर तिला नावाने हाक मारतात, पण जीव तोडून मारतात, शिकवल्यासारखी. वाडीवरची पोरं अर्धी जवळ आली, अर्धी नाहीत. माझ्या अंगावर तिच्या बैठकीएवढी जागा रंगाविना राहिली आहे, बाकी मी तांबडा, ढोंग्यासारखा.

ती बक्षिसाची कादंबरी ती माझ्यावर बसून वाचते. अडखळत, मोठ्याने वाचते आणि पानापानाला लेखकाला शिव्या घालते. "ह्ये पन खोटा असल," म्हणते आणि पुढचं पान उलटते. नशरा शेजारी, "माझा सरदार कितव्या पानावर मरतो ते बघ आधी." निम्मं पुस्तक झालंय.

लेखक लोकांनो, तुम्हाला माझं एकच सांगणं आहे, आणि विनंती म्हणून सांगत नाही. शाळेत या, गोष्टी सांगा, पोरांना आवडतात. रचा, हवं ते रचा. दगडाला तोफेची दारू लावा, मी सोसेन, मी दगड आहे. पण रांगेतून एक पोर उठवून त्याच्या जातीवरून त्याला काम देऊ नका. तुम्ही मोटारीत बसून जाता. ते पोर दुसऱ्या दिवशी त्याच अंगणात येतं.

झालं. घंटा वाजली, मधली सुट्टी आहे. तुम्ही जरा बाजूला व्हा. इथे जिजा बसते.